बाटलीतली तीस वर्षे

२४ मे २००६ रोजी लंडन आणि कॅलिफोर्नियातले नापा अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी त्याच दहा रेड वाइन उघडल्या गेल्या. त्यांतली सर्वांत तरुण वाइन १९७३च्या हंगामाची होती आणि सर्वांत जुनी १९६९ची. बरोबर तीस वर्षांपूर्वी, २४ मे १९७६ला, पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने याच दहा वाइन नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे लेबले झाकून ठेवल्या होत्या. सहा कॅलिफोर्नियाच्या होत्या, चार बोर्दोच्या. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३, आणि वाइनच्या जगात खळबळ उडाली. निकाल मान्य नसलेल्यांचा मुख्य आक्षेप वयाचा होता. उन्हात पिकलेल्या या अमेरिकी वाइन तरुणपणी भुलवतात, त्या टिकणार नाहीत. बोर्दोच्या वाइनला मुरायला वेळ द्या आणि मग बघा, असे त्यांचे म्हणणे होते.

वेळ दिला गेला. १९८६मध्ये न्यूयॉर्कला याच हंगामांची पुन्हा परीक्षा झाली तेव्हा क्लो द्यू वाल १९७२ पहिली आली. तीही कॅलिफोर्नियाचीच. २००६मध्ये दोन्ही ठिकाणचे गुण एकत्र केल्यावर रिज माँटे बेलो १९७१ पहिली ठरली. पॅरिसमध्ये हीच वाइन पाचव्या क्रमांकावर होती. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले आणि बोर्दोतली सर्वांत वरची, मूताँ १९७०, सहावी आली. लंडनच्या परीक्षकांत मायकेल ब्रॉडबेंट, ह्यू जॉन्सन, जॅन्सिस रॉबिन्सन अशी माणसे होती. नवखेपणाचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकत नव्हते.

ही गोष्ट नेहमी अमेरिकेच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. पण जुनी वाइन चाखण्याच्या दृष्टीने तिच्यातली वेगळीच बाब महत्त्वाची आहे. त्याच वाइन, तीन परीक्षा, आणि तिन्ही वेळा पहिला क्रमांक वेगळा. परीक्षक बदलले हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, मधल्या काळात वाइनही बदलल्या होत्या आणि प्रत्येकीचा वेग निराळा होता. शिवाय २००६मध्ये ग्लासात आलेली वाइन १९७६च्या बाटलीतून आलेली नव्हती. ती तीस वर्षे कुठल्या तरी तळघरात आडव्या पडलेल्या दुसऱ्याच बाटलीतली होती. जुनी वाइन चाखण्याच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. काही दशके उलटून गेलेली रेड वाइन चाखणारा खरे तर त्या एका बाटलीचे आयुष्य तपासत असतो. नाव, हंगाम आणि समीक्षकांचे गुण यांचा त्याला उपयोग होतो, पण मर्यादितच.

बाटलीत नेमके काय घडते, याचा अभ्यास जुना आहे. लुई पाश्चर यांनी १८६६मध्ये वाइनवर आख्खा ग्रंथ लिहिला. बंद नळ्यांत वाइन भरून, काहींत हवा ठेवून आणि काहींत न ठेवता, त्यांनी रंग आणि गाळ यांतला फरक दाखवला. वाइनचे वय ऑक्सिजनमुळे वाढते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे बोर्दोच्या संशोधकांनी त्यात दुरुस्ती केली. पिंपात असताना ऑक्सिजनचे काम मोठे असते, पण चांगले बूच लावून आडव्या ठेवलेल्या बाटलीत फारच थोडी हवा शिरते आणि बहुतेक बदल तिच्याशिवाय होतात. द्राक्षाच्या सालीतली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये आणि साल, बी व लाकूड यांतून आलेली टॅनिन ही एकमेकांना जोडली जाऊन मोठे रेणू बनतात. म्हणून जांभळट रंग आधी माणकासारखा लाल होतो, मग विटकरी आणि शेवटी काठाला नारिंगी. फार मोठे झालेले रेणू द्रवात राहत नाहीत. ते तळाशी बसतात, आणि जुन्या बाटलीतला काळपट साका तयार होतो. तरुण वाइनची जिभेला ओढून धरणारी तुरट चव मवाळ होत जाते ती याच काळात. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि त्याच्या जागी तंबाखू, कातडे, देवदाराचे लाकूड, आळंबी, ओला पालापाचोळा, सुके अंजीर असे वास येऊ लागतात.

आंबटपणा मात्र जवळजवळ तसाच राहतो. तरुणपणी फळाखाली आणि टॅनिनखाली झाकलेला आंबटपणा म्हातारपणी उघडा पडतो. जुनी वाइन उभी राहते ती त्याच्या आधारावर, आणि मोडते तीही बहुतेकदा त्याच्यामुळे. फळ संपले आणि आम्ल उरले की ग्लासात एक बारीक, धारदार, रिकामे पेय शिल्लक राहते.

जगात तयार होणारी बहुतांश रेड वाइन मुरण्यासाठी केलेलीच नसते. वर्ष-दोन वर्षांत, फार तर पाच वर्षांत ती प्यायची असते. त्यानंतर ती नुसती थकते. दशके पेलणाऱ्या वाइन मोजक्या आहेत: बोर्दोच्या डाव्या काठावरच्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांच्या, बर्गंडीच्या निवडक पिनो नुआरच्या, इटलीतल्या बारोलोच्या नेब्बिओलोच्या, रिओहाच्या जुन्या घराण्यांच्या, ऑस्ट्रेलियातल्या काही शिराझच्या, आणि पोर्तुगालच्या व्हिंटेज पोर्ट. यांतही प्रत्येकीचे म्हातारपण वेगळे दिसते. नेब्बिओलोचा रंग फार लवकर नारिंगी होतो, पण टॅनिन आणि आम्ल दोन्ही चढे असल्याने रंगावरून तिचे वय ठरवणारा हमखास फसतो. पिनो नुआर मुळातच फिकट असते. तिच्यात ताकद शोधायची नसते, वासाची खोली शोधायची असते. रिओहाच्या लोपेझ दे एरेदियासारख्या घराण्यात वाइन बाजारात येण्याआधीच पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षे थांबलेली असते, त्यामुळे ग्राहकाच्या हाती पडते तेव्हाच ती निम्मी मुरलेली असते.

हंगामांच्या तक्त्यांवर वाइनप्रेमींचा मोठा भरवसा असतो. त्यांना अर्थ नाही असे नाही. बोर्दोचे १९६१ हे त्याचे उत्तम उदाहरण. फुलोऱ्याच्या काळात थंडीने मोहर गळाला, पीक अगदी थोडे आले, पुढे उन्हाळा कोरडा गेला. वेलीवर जे काही उरले ते दाट आणि कसदार निघाले, आणि त्या वाइन पुढे अनेक दशके टिकल्या. १९७५लाही अशाच मोठ्या आशा होत्या. त्या वर्षी टॅनिन जबरदस्त होते. लोक थांबले, आणखी थांबले. पण अनेक वाइनमध्ये टॅनिन मवाळ होण्याआधीच फळ संपून गेले. टॅनिन म्हणजे दीर्घायुष्य हे समीकरण तेव्हापासून तितक्या ठामपणे मांडले जात नाही. उलट बोर्दोचीच शव्हाल ब्लाँ १९४७ बघा. त्या वर्षीच्या भयंकर उष्म्यात द्राक्षे अतिपिकली, तळघरात किण्वन आवरेना. वाइनमध्ये थोडी साखर उरली, मद्यांश चढला आणि उडनशील आम्लाचे प्रमाणही वाढले. आजच्या प्रयोगशाळेत ती सदोष ठरेल. तरीही विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या रेड वाइनमध्ये तिची गणना होते. तक्ता आणि प्रयोगशाळा दोघांनाही न जुमानणाऱ्या अशा बाटल्या निघतात, आणि जुन्या वाइनचा खरा नाद लागतो तो त्यांच्यामुळेच.

पण हंगामापेक्षा, द्राक्षापेक्षा आणि नावापेक्षाही मोठी बाब म्हणजे साठवण. स्कॉटलंडमधल्या ग्लॅमिस किल्ल्याची हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. किल्ल्याच्या मालकाने, स्ट्रॅथमोरच्या अर्लने, बोर्दोतल्या लाफीतच्या १८७०च्या मॅग्नम, म्हणजे दुप्पट मापाच्या बाटल्या, तळघरात ठेवल्या. वाइन इतकी कठोर आणि तुरट होती की ती त्याला आवडलीच नाही. त्यामुळे बाटल्या तशाच पडून राहिल्या. त्याच्यानंतरच्या पिढ्यांनीही त्यांना फारसा हात लावला नाही. १९७१मध्ये ख्रिस्टीजने त्यांतल्या चाळीसहून अधिक मॅग्नमचा लिलाव केला. तोवर शंभर वर्षे उलटली होती, आणि चाखणाऱ्यांना ती वाइन जिवंत, भरदार आणि खोल रंगाची आढळली. थंड तळघर, न हललेल्या बाटल्या, मोठे माप, आणि मुळातला तो नकोसा वाटणारा तुरटपणा या साऱ्यांचा तो परिणाम होता. याच हंगामाची एखादी साधी बाटली दहा व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरून, उन्हाळ्यात जहाजाच्या डेकवर तापून आली असती तर तिचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

आदर्श तळघराचे तापमान साधारण १२-१३ अंश सेल्सिअस मानले जाते. सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार आणि स्थिरता लागते. २५ अंशांवर वाइन मुरत नाही असे नाही, पण ती घाईघाईने आणि वेडीवाकडी मुरते. त्यापेक्षाही घातक असते तापमानाचे वर-खाली होणे. द्रव फुगतो, आकसतो आणि प्रत्येक वेळी बुचाच्या कडेने थोडी हवा आत ओढतो.

म्हणूनच जाणकार जुन्या बाटलीचे लेबल वाचण्याआधी तिच्यातली पातळी बघतात. बोर्दोच्या बाटलीला खांदे असतात. वाइन मानेपर्यंत असली तर उत्तम. वयाच्या मानाने खांद्याच्या वरच्या टोकाशी असली तरी चालते. ती खांद्याच्या मध्यावर उतरली की धोका सुरू झाला आणि खांद्याच्या खाली गेली तर आशा थोडी. बर्गंडीच्या बाटलीला उतरते खांदे असल्याने तिथे बुचापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. लिलावाच्या प्रत्येक कॅटलॉगमध्ये ही नोंद असते आणि किमतीत तिचा वाटा मोठा असतो. ऑस्ट्रेलियातली पेनफोल्ड्स कंपनी १९९१पासून जुन्या बाटल्यांसाठी 'क्लिनिक' भरवते. ग्राहक पंधरा वर्षांहून जुन्या बाटल्या घेऊन येतात. गरज असेल तर बाटली उघडून चाखतात, वाइन धडधाकट असल्यास थोडी ताजी वाइन घालून पातळी वाढवतात आणि नवे बूच मारून प्रमाणपत्र देतात. वाइन बिघडलेली निघाली तर प्रमाणपत्र मिळत नाही. यावर आक्षेप घेणारेही आहेत. १९६०च्या वाइनमध्ये नवी वाइन थोडी का होईना मिसळली की ती १९६०ची राहिली का, असे ते विचारतात. आक्षेप रास्त आहे. पण बूच कुजून पूर्ण बाटली गमावण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा.

आता प्रत्यक्ष बाटली उघडण्याकडे वळू. आडवी ठेवलेली बाटली निदान एक दिवस, शक्यतो दोन-तीन दिवस आधी उभी करावी लागते, म्हणजे कुशीवर बसलेला साका तळाशी उतरतो. वरची शिशाची किंवा कथलाची टोपी पूर्ण कापून काढतात. बुचाच्या माथ्यावर बहुधा काळी बुरशी असते. ती दिसली की नवखा माणूस घाबरतो, पण ती ओलसर तळघराची खूण असते. ओल्या फडक्याने पुसली की झाले. खरी परीक्षा बुचाची. चाळीस वर्षांचे बूच खालच्या टोकाला भिजून मऊ झालेले आणि वर कोरडे पडलेले असते. नेहमीचा मळसूत्री स्क्रू त्यात घातला की मधोमध भगदाड पडून भुसा वाइनमध्ये सांडतो. त्यासाठी दोन पातळ पात्यांचे उपकरण वापरतात. पाती बूच आणि काच यांच्या फटीत आळीपाळीने, हलवत हलवत खाली उतरवायची आणि मग गोल फिरवत बूच वर खेचायचे. हात जरा जड पडला तर बूच आतच जाते. पोर्टच्या अतिजुन्या बाटल्यांसाठी लालभडक तापवलेला चिमटा मानेभोवती धरून, लगेच थंड ओले कापड लावून, काचेची मानच बुचासकट तोडतात.

मग मानेच्या खाली मेणबत्ती किंवा टॉर्च ठेवून वाइन एका संथ, न थांबणाऱ्या धारेने दुसऱ्या पात्रात ओतायची. उजेडात मानेतून जाणारी वाइन स्वच्छ लाल दिसते. शेवटी खांद्यापाशी धुरासारखी एक काळी रेघ सरकू लागते. ती मानेत शिरण्याआधी हात थांबवायचा. तळाची दोन बोटे वाइन सोडून द्यावी लागते.

इथून पुढे जाणकारांत मोठा मतभेद आहे. बोर्दोचे थोर वाइनतज्ज्ञ एमिल पेनो म्हणत की, साका असेल तरच वाइन दुसऱ्या पात्रात ओतावी आणि तीही वाढण्याच्या अगदी आधी. हवेशी जास्त संबंध आला की जुन्या वाइनचा नाजूक वास बोथट होतो. फ्रान्समधले अतिजुन्या वाइनचे संग्राहक फ्रांस्वा ओदूझ यांची रीत वेगळी. ते बाटली चार-पाच तास आधी उघडतात, पण ओतत मात्र नाहीत. बाटलीच्या मानेइतक्या लहान पृष्ठभागावरून हवा संथपणे आत जाऊ देतात. उघडल्याबरोबर येणारा कोंदट वास तेवढ्या वेळात निघून जातो, असा त्यांचा अनुभव आहे. बारोलोचे चाहतेही याच मताचे असतात. दोन्ही पक्षांकडे उदाहरणे भरपूर आहेत. त्यातल्या त्यात पेनो यांचा मार्ग सुरक्षित वाटतो, कारण ग्लासात ओतलेल्या वाइनला हवा कधीही देता येते, दिलेली हवा परत काढून घेता येत नाही. पण तीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या बारोलोला तास-दोन तास दिल्याने नुकसान होत नाही, हेही मान्य करायला हवे.

ग्लास पांढऱ्या कापडावर तिरपा धरला की मधल्या गडद भागापासून काठापर्यंतचा उतार दिसतो. ब्रॉडबेंट आयुष्यभर याच उताराकडे बघत आले. १९६६मध्ये त्यांनी ख्रिस्टीजचा वाइन विभाग पुन्हा उभा केला आणि दशकानुदशकांच्या चाखण्याच्या नोंदी वह्यांत लिहून ठेवल्या. मधला भाग अजून लाल आणि काठ रुंद, विटकरी असेल तर वाइन मुरली आहे. सगळीच तपकिरी आणि निस्तेज असेल तर उशीर झाला. मात्र चमक महत्त्वाची. फिकट पण लखलखीत वाइन बहुधा जिवंत निघते, गडद पण गढूळ वाइनबद्दल शंका घ्यावी.

पहिल्या वासावर निकाल देणे ही जुनी वाइन चाखताना होणारी सर्वांत सामान्य चूक. कित्येक वर्षे कोंडलेल्या बाटलीतून सुरुवातीला कधी गंधकाचा, कधी ओल्या भिंतीचा वास येतो. पाच मिनिटे थांबले की तो उडतो आणि मग एखादी बोर्दो आपले पदर उलगडू लागते. आधी देवदार आणि सिगारची पाने, मग काळ्या मनुकांचा हलका गोडवा, मागे लोखंडासारखे काहीतरी, आणि पाऊस थांबल्यावर रानात येतो तसा मातीचा वास. तोंडात घेतल्यावर टॅनिन जाणवते पण टोचत नाही. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते हे मोजावे. वाइनचा मूळ दर्जा तिथे कळतो. मग पुन्हा वीस मिनिटांनी, चाळीस मिनिटांनी त्याच ग्लासाकडे परत यावे. काही वाइन तासाभराने उमलतात. काही पहिल्या दहा मिनिटांत सगळे देऊन टाकतात आणि डोळ्यांदेखत मावळतात. दोन्ही प्रकारांना एकच गुणपत्रिका लावून पंच्याण्णव की ब्याण्णव असा हिशेब करणे निरर्थक आहे. शंभर गुणांची पद्धत तरुण वाइनच्या बाजारासाठी ठीक आहे. जुन्या बाटलीबाबत किती वाजता उघडली, केव्हा खुलली, केव्हा ढासळली अशी नोंद वाचकाला कितीतरी जास्त सांगते.

दोष ओळखणे हा या परीक्षेचा अर्धा भाग आहे. व्हिनेगरचा झणका म्हणजे उडनशील आम्ल. थोडे असले तर जुन्या वाइनमध्ये ते वास उचलून धरते, जास्त झाले तर सगळे बुडवते. शेरीसारखा, कापलेल्या सफरचंदासारखा वास आला तर हवा शिरली आहे. शिजवलेल्या, कोंदट मुरंब्याची चव म्हणजे बाटली कुठेतरी तापली. आणि ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास म्हणजे बूचदोष. स्वित्झर्लंडचे हान्स टॅनर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यामागचे टीसीए हे संयुग शोधले. लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम एवढे प्रमाणही नाकाला कळते. हा दोष कितीही वेळ थांबले तरी जात नाही, उलट वाढतो. साध्या कोंदट वासापासून त्याला वेगळे करायची खूण तीच.

एवढे सगळे कळूनही एक प्रश्न उरतो, आवडीचा. इंग्लंडमध्ये बोर्दो आणि पोर्ट जुन्या करून पिण्याची परंपरा आहे; फ्रान्समध्ये अनेकांना त्याच वाइन फळ ताजे असतानाच हव्या असतात. यात चूक-बरोबर काही नाही. ज्याला पिकलेल्या जांभळाची रसरशीत चव हवी, त्याला चाळीस वर्षांची वाइन कितीही थोर असली तरी निराश करील, आणि त्याने तसे मोकळेपणाने म्हणावे. भीती वाटते ती उलट प्रकाराची: किंमत ऐकून भारावून जाण्याची. २००८मध्ये हिल्के प्लासमान आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच काबर्ने कधी १० डॉलरची म्हणून तर कधी ९० डॉलरची म्हणून दिली. महाग सांगितली तेव्हा ती लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. त्याआधी २००१मध्ये बोर्दोत ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली होती, आणि त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. अपेक्षा जिभेवर बसते, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मान्य करायला हवे. ऐंशी वर्षे जुन्या बाटलीसमोर तर ती सर्वांत जड बसते.

भामट्यांनी नेमका याचाच फायदा घेतला. ५ डिसेंबर १९८५ला ख्रिस्टीजने १७८७ची लाफीत म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली. काचेवर थॉमस जेफरसनची म्हणून आद्याक्षरे कोरलेली होती, आणि बाटली आली होती हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाकडून. घेणाऱ्या फोर्ब्ज कुटुंबाने ती प्रदर्शनात दिव्याखाली ठेवली. उष्णतेने बूच सुकून आत पडले. रोडेनस्टॉककडून आलेल्या अशाच बाटल्या घेतलेल्या बिल कोच यांनी पुढे तपास करवला, तेव्हा कोरीव काम विजेवर चालणाऱ्या हत्याराचे असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. वाइनमध्ये सीझियम-१३७ आहे का हे बाटली न उघडता तपासायची पद्धत फिलिप ह्युबेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने बसवली. अणुचाचण्यांच्या आधीच्या वाइनमध्ये हे समस्थानिक सापडत नाही. रुडी कुर्नियावानचे प्रकरण तर आणखी मोठे. तरुण वाइन मिसळून त्याने जुन्या, दुर्मीळ बर्गंडी आणि बोर्दो घरीच तयार केल्या. २००८मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडच्या पाँसो घराण्याच्या क्लो सां-द्नी या वाइनच्या १९४५पासूनच्या बाटल्या आल्या. लोराँ पाँसो स्वतः तिथे पोचले, कारण त्यांचे घराणे ती वाइन १९८०च्या दशकापर्यंत करतच नव्हते. २०१३मध्ये कुर्नियावान दोषी ठरला, आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, त्याच्या बाटल्या वर्षानुवर्षे अनुभवी लोकांनी चाखल्या आणि वाखाणल्या होत्या. १९४५ची खरी बर्गंडी आयुष्यात किती जणांनी प्यायलेली असते? तुलनेला काही नसेल तर जीभ साक्ष देणार तरी कशाची? २०१८मध्ये सदबीजने १९४५च्या रोमाने-काँतीची एक बाटली ५,५८,००० डॉलरना विकली. त्या हंगामात अवघ्या सहाशेच्या आसपास बाटल्या झाल्या आणि नंतर जुन्या वेली उपटल्या गेल्या. ती बाटली कोणी उघडेल की नाही कोण जाणे. न उघडलेल्या वाइनबद्दल चवीच्या अंगाने बोलण्यासारखे काहीच नसते.

पेनफोल्ड्सच्या ग्रेंज या वाइनची कथा मात्र चवीची आहे. कंपनीचे वाइनकार मॅक्स शुबर्ट १९५०मध्ये युरोपला गेले, बोर्दोत त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांच्या वाइन चाखल्या, आणि परत आल्यावर १९५१मध्ये शिराझपासून तशीच दीर्घायुषी वाइन करायचा पहिला प्रयोग केला. पहिल्या हंगामांच्या तरुण बाटल्या सिडनीतल्या मान्यवरांना चाखायला दिल्या तेव्हा त्यांनी नाके मुरडली. १९५७मध्ये कंपनीने प्रयोग थांबवायचा हुकूम दिला. शुबर्ट तीन हंगाम गुपचूप ती वाइन करत राहिले. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरल्या, त्याच मंडळींनी पुन्हा चाखल्या, आणि १९६०पासून कंपनीने स्वतःच उत्पादन पुन्हा सुरू करायला सांगितले.

महाराष्ट्रात हा अनुभव घ्यायला अजून पुरेसा भूतकाळ नाही. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फसफसत्या वाइनपासून सुरुवात केली. नाशिकमध्ये सुलाची पहिली वाइन २०००च्या सुमारास आली आणि राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१चे. म्हणजे इथली सर्वांत जुनी दर्जेदार रेड वाइन फार तर पंचविशीच्या आतबाहेरची. इथला हंगामही निराळा आहे. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी, तेव्हा दिवस तापायला लागलेले असतात. साखर लवकर चढते आणि आम्ल उतरते. वर सांगितल्याप्रमाणे आम्ल हाच म्हाताऱ्या वाइनचा आधार असल्याने इथल्या वाइनकाराला तोडणीची वेळ फार जपून ठरवावी लागते. अकलूजच्या फ्रातेलीची 'सेत्ते' किंवा कर्नाटकात नंदी हिल्सजवळच्या ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह' या थोड्या वर्षांसाठी ठेवायच्या उद्देशाने केलेल्या रेड आहेत. गोव्यात घरोघरी ओळखीची असलेली गोड 'पोर्ट वाइन' हा वेगळा प्रकार आहे. पोर्तुगालची व्हिंटेज पोर्ट दोन-तीन वर्षे पिंपात राहून बाटलीत भरली जाते आणि तिथेच दशके मुरते. गोव्याची पोर्ट वाइन लगेच प्यायची असते आणि तशीच ती चांगली लागते.

भेट आलेली वाइन दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये उभी करून ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. पुण्या-नाशिकचा उन्हाळा तिने तीन-चारदा सोसला की ती संपली असे समजावे. ती वर्षभरातच प्यावी. ज्याला खरोखर मुरण्याचा अभ्यास करायचा आहे त्याने एकाच हंगामाच्या, एकाच खोक्यातल्या सहा बाटल्या घ्याव्यात. त्या वाइनसाठीच्या थंड कपाटात १३ अंशांना आडव्या ठेवाव्यात आणि दर तीन वर्षांनी एक उघडावी. प्रत्येक वेळी काठाचा रंग, बुचाची स्थिती आणि पहिल्या तासातले बदल तारखेसह वहीत लिहावेत. कुठल्याही वायनरीला तर हे आणखी सोपे आहे. दर हंगामातली काही खोकी विक्रीतून वगळून थंड जागी ठेवली आणि दरवर्षी चाखून नोंदी केल्या, तर गोडी छाटणीनंतरच्या कोणत्या वर्षीच्या, कोणत्या शिवारातल्या आणि कोणत्या जातीच्या द्राक्षांची रेड वाइन वीस वर्षे जाते, हे दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला ठोस पुराव्यानिशी सांगता येईल.